पार्ल्यातील जुन्या दुर्बिणींचा विक्रीमेळा

मुंबईत वापरलेली दुर्बीण विकत घ्यायची, तर तो व्यवहार बहुधा एखाद्या अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात, दिव्याच्या उजेडात आणि विक्रेत्याच्या शब्दावर भिस्त ठेवून उरकावा लागतो. दुर्बिणीची खरी परीक्षा अंधारात, ताऱ्यावर होते. सौदा मात्र ठरतो तो संध्याकाळी सातच्या सुमारास, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत असताना. यंदा फेब्रुवारीतील एका रविवारी विलेपार्ले पूर्व येथील एका शाळेच्या सभागृहात आमच्या उपनगरातील हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने निधी उभारण्यासाठी जुन्या खगोलसाहित्याचा विक्रीमेळा भरवला. मी तेथे एक दुर्बीण विकायला घेऊन गेलो आणि दुसरी विकत घेऊन परतलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव मला मिळाला. मेळ्यात काही उणिवा होत्या आणि त्या मी पुढे सांगणारच आहे. तरीही जुने साहित्य घेऊ किंवा देऊ इच्छिणाऱ्या कोणालाही मी अशा मेळ्याची वाट पाहण्याचाच सल्ला देईन, कारण येथे प्रत्येक वस्तूच्या किमतीच्या वर तिचा दोष लिहिलेला होता.

निधीचा उद्देश स्पष्ट होता. महापालिकेच्या शाळांतील मुलांना एका रात्रीसाठी वांगणीला नेऊन आकाश दाखवायचे, त्यासाठी बसचे भाडे, जेवण आणि सतरंज्या यांचा खर्च भागवायचा. मुंबईच्या प्रकाशात वाढलेल्या मुलांना मृग नक्षत्र ओळखता येते, पण आकाशगंगेचा पट्टा त्यांनी कधीही पाहिलेला नसतो, आणि कर्जतच्या गाडीने दीड-दोन तासांवर असलेल्या गावात तो थोडाफार तरी दिसू शकतो. विक्री झालेल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीतील १५ टक्के रक्कम मंडळाला आणि दान म्हणून आलेल्या वस्तूंची संपूर्ण रक्कम मंडळाला, असा साधा हिशेब होता. प्रवेशमूल्य ५० रुपये होते आणि विद्यार्थ्यांना ते माफ होते.

विक्रेत्यांनी शुक्रवारपर्यंत वस्तूची नोंद करायची होती आणि त्यासाठी अर्ध्या पानाचा एक अर्ज भरायचा होता, ज्याला मंडळातील मंडळी 'दोषपत्रक' म्हणत होती. त्यात वस्तू केव्हा घेतली, कोठे ठेवली होती, काय दुरुस्त केले आहे आणि काय बिघडलेले आहे, असे चारच प्रश्न होते. रविवारी सकाळी दोन अनुभवी सभासद प्रत्येक वस्तू हातात घेऊन तपासत आणि विक्रेत्याने लिहिलेल्या मजकुराखाली स्वतःचे निरीक्षण वेगळ्या शाईने लिहीत. एका बायनॉक्युलरच्या पत्रकावर, उजव्या नळीतील लोलकाच्या कडेला बुरशी असून दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा मात्र नीट जुळतात, असे लिहिले होते. संगणकाने चालणाऱ्या एका माउंटच्या, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीच्या, पत्रकावर, मोटर चालते पण हातातील नियंत्रकाच्या पडद्यावरील दोन ओळींपैकी खालची ओळ उमटत नाही, अशी नोंद होती. खरेदीदाराने दिलेले पैसे मंडळ सात दिवस स्वतःकडे ठेवणार आणि पत्रकात न लिहिलेला दोष त्या मुदतीत निघाला तर वस्तू परत घेणार, हा नियम प्रवेशद्वारातच मोठ्या अक्षरांत लावलेला होता. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात इतकी काळजी घेतलेली मी यापूर्वी पाहिली नव्हती.

हा नियम विक्रेता म्हणून मला प्रथम जाचक वाटला, हे मान्य केले पाहिजे. मी विकायला नेलेली दुर्बीण १२७ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची होती. आठ वर्षांपूर्वी ती मी एका मॉलमधील दुकानातून घेतली, तेव्हा खोक्यावर ७५० पट मोठे दिसण्याचा दावा छापलेला होता आणि विक्रेत्याने तो मला दोनदा वाचून दाखवला होता. दुर्बिणीच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे जास्तीत जास्त दोन पट, हा ठोकताळा धरला तर या आरशाकडून अगदी उत्तम रात्रीही २५० पटींच्या पलीकडे काही मागता येत नाही. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवे काही दिसत नाही आणि ती अंधूक होत जाते. त्याहून मोठा दोष दुर्बिणीच्या रचनेत होता. नळीची लांबी जेमतेम अर्धा मीटर आणि नाभीय अंतर, म्हणजे प्रकाश एका बिंदूत एकवटण्याचे अंतर, मात्र १००० मिलिमीटर, हे साधण्यासाठी निर्मात्याने फोकसरच्या, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी आतबाहेर सरकणाऱ्या भागाच्या, नळीत एक जास्तीचे भिंग बसवलेले असते. ते काढल्याशिवाय आरसे एका रेषेत आणण्याचे काम, म्हणजे कॉलिमेशन, नीट करता येत नाही, आणि नवशिक्या माणसाला हे कोणीच सांगत नाही. मी दोन वर्षे शनीची कडी एका लांबट ठिपक्याच्या रूपात पाहिली आणि दोष माझ्या डोळ्यांचा असावा असे मानत राहिलो.

हे सर्व मी पत्रकात लिहिले. तपासणाऱ्या सभासदांनी त्याखाली आणखी एक ओळ जोडली, जी मला आठ वर्षांत उमगली नव्हती. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा १९ अंश वर असतो; अक्ष इतका खाली झुकवला की समतोल राखणाऱ्या वजनाची दांडी तिपाईच्या पायाला घासते. युरोप-अमेरिकेत, जेथे ध्रुवतारा आपल्यापेक्षा बराच उंच असतो, ही अडचण सहसा येत नाही. दांडी अडल्यावर मी दर वेळी माउंट जबरदस्तीने वळवत असे आणि त्यामुळे आतील दाते झिजले होते. मी ६,००० रुपये किंमत लिहिली होती. सभासदांनी ती खोडली नाही, फक्त ४,५०० रुपयांना ती दुपारपर्यंत जाईल आणि ६,००० रुपयांना ती संध्याकाळी परत न्यावी लागेल, असे शांतपणे सांगितले. मी किंमत बदलली.

डोंबिवलीहून आलेल्या, यंत्र अभियांत्रिकीची पदविका करणाऱ्या एका मुलीने ती घेतली. तिने पत्रक दोनदा वाचले, फोकसर आतबाहेर करून पाहिला आणि मला विचारले, "काका, नळीतलं ते भिंग काढता येतं ना? मला आरसा आणि माउंट वेगवेगळे वापरायचे आहेत." दोष वाचून तिचा उत्साह उलट वाढला होता, कारण आपण नेमके काय विकत घेत आहोत हे तिला कळले होते. ज्या वस्तूने मला दोन वर्षे चकवले, ती मी कोणालाही न चकवता दुसऱ्याच्या हाती देऊ शकलो, याचे समाधान मला त्या ४,५०० रुपयांहून अधिक आहे.

सभागृहाच्या डाव्या बाजूची तीन टेबले बायनॉक्युलर आणि आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळ्याच्या बाजूने लावायची भिंगे, यांची होती, आणि मुंबईकर खरेदीदाराने सर्वांत जास्त वेळ तेथे घालवायला हवा होता. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या घरांतील हवा इतकी दमट असते की कपाटातील बंद पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. वरवरची बुरशी पुसून निघते. परंतु एक-दोन पावसाळे ती तशीच राहिली, तर काचेवरील लेपावर तिचे कायमचे ठसे उमटतात. आयपीस डोळ्याला लावून पाहिले तर हे दिसत नाही. ते हातभर अंतरावर धरून, मागून तिरक्या कोनात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे लागते, आणि मंडळाने प्रत्येक टेबलावर दोरीने बांधलेली एक छोटी बॅटरी ठेवून ही सोय केली होती. मी तेथून २५ आणि १० मिलिमीटरचे, प्लॉसल प्रकारचे दोन आयपीस १,८०० रुपयांना घेतले. सव्वा इंची फोकसरमध्ये न बसणारे, ०.९६५ इंच मापाचे जुने आयपीस वेगळ्या परडीत होते आणि ते कोणत्या दुर्बिणींना लागतात हे परडीवर लिहिलेले होते. अन्यथा नवख्या माणसाने ते स्वस्त म्हणून हमखास उचलले असते. विकलेल्या प्रत्येक भिंगासोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची एक पुडी दिली जात होती, आणि दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात, हे आवर्जून सांगितले जात होते.

मंडळाच्या एका निर्णयाबद्दल मला विशेष आदर वाटला. लहान व्यासाच्या जुन्या दुर्बिणींच्या पेट्यांत आयपीसवर फिरवून बसवायचे, काळपट हिरव्या काचेचे सूर्याचे फिल्टर पुष्कळदा सापडतात. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाने एकवटलेला सूर्याचा सगळा प्रकाश आणि सगळी उष्णता या बोटाच्या पेराएवढ्या काचेवर येते, ती तापून अचानक तडकू शकते, आणि त्या क्षणी पाहणाऱ्याचा डोळा तेथेच असतो. दृष्टी कायमची जाण्यास तेवढा वेळ पुरतो. मेळ्यात आलेल्या प्रत्येक पेटीतून असे फिल्टर काढून मालकाच्या संमतीने हातोडीने फोडले जात होते आणि संमती न देणाऱ्याची पेटी विक्रीला ठेवली जात नव्हती. एका गृहस्थांनी, हा फिल्टर आपण वर्षानुवर्षे वापरला आणि काही झाले नाही, असे सांगून वाद घातला. त्यांना चहा देऊन, बसवून, समजावून सांगितले गेले आणि अखेर त्यांनी स्वतःच हातोडी हातात घेतली. सूर्य पाहायचा असेल तर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वीच बसला पाहिजे. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी घेतलेल्या सौर फिल्मचे काही फिल्टर दानात आले होते, पण घड्या पडलेल्या आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके पडलेल्या फिल्मही सभासदांनी बाजूला काढून कापून टाकल्या. निधी उभारण्यासाठी भरवलेल्या मेळ्यात विकण्याजोगी दिसणारी वस्तू नष्ट करायला निर्धार लागतो.

मी घेतलेली दुर्बीण एका कोपऱ्यात उभी होती आणि तिच्याभोवती फारशी गर्दी नव्हती. पीव्हीसीच्या जाड पाइपची नळी, प्लायवूडचा फिरता पाया आणि सहा इंच व्यासाचा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा, हाताने घासलेला आरसा, अशी ती डॉब्सोनियन पद्धतीची दुर्बीण होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर ये-जा करणाऱ्यांना आकाश दाखवणारे जॉन डॉब्सन यांनी ही बिनखर्चाची रचना रूढ केली, आणि साध्या सुतारकामातून मोठा आरसा स्थिर बसवता येतो हेच तिचे सामर्थ्य आहे. विकणारे काका गोरेगावचे, निवृत्त फिटर होते. नव्वदच्या दशकात त्यांनी काचेच्या दोन चकत्या घेऊन, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून, वरची चकती खालच्या चकतीवर महिनोन्महिने घासून हा आरसा तयार केला होता. खरड बारीक होत जाते तशी भुकटीही बारीक घ्यावी लागते, शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइड लावून काच चमकवायची आणि दाढीच्या पात्याच्या धारेने प्रकाश अडवून आरशाचा आकार तपासायचा, असे हे काम असते. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू त्यांनी याच दुर्बिणीतून आपल्या चाळीतील सगळ्यांना दाखवला होता. आता चाळीचा पुनर्विकास सुरू झाला होता, तात्पुरत्या भाड्याच्या घराला गच्ची नव्हती आणि गुडघेही साथ देत नव्हते. किंमत १४,००० रुपये होती. याच व्यासाच्या नव्या, कारखान्यात बनलेल्या दुर्बिणीसाठी मला सांगण्यात आलेल्या किमतीच्या ती निम्म्याहूनही कमी होती.

पत्रकावर त्यांच्या सुबक अक्षरांत, पावसाळ्यात पायाचे प्लायवूड खालच्या कडेला फुगले आहे, आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा लेप दोनदा नव्याने चढवला आहे आणि इतर तपशील सोबतच्या वहीत आहेत, असे लिहिलेले होते. आरशामागे बॅटरी धरून पाहिल्यावर लेपात सुईच्या अग्राएवढी पुष्कळ छिद्रे दिसली. खाऱ्या, दमट हवेत हे होतेच, आणि अशा छिद्रांमुळे वाया जाणारा प्रकाश नगण्य असतो. नळी वरखाली आणि आडवी ढकलून पाहिली, तेव्हा सनमायकावर टेकलेले टेफ्लॉनचे तुकडे इतके सहज सरकत होते की एका बोटाने ती हलली आणि बोट काढताच थांबली. नळीला टिचकी मारल्यावर प्रतिमेची थरथर सेकंदाभरात शमली. माझ्या जुन्या दुर्बिणीच्या तिपाईवर हीच थरथर पाच-सहा सेकंद चालत असे, आणि दुर्बीण विकत घेताना ही एक चाचणी मला कोणी शिकवली असती तर आठ वर्षांपूर्वी मी वाचलो असतो.

दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहण्यासाठी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरील उत्तरेकडची गॅलरी मोकळी ठेवलेली होती. उत्तर दिशा मुद्दाम निवडली होती, कारण फेब्रुवारीत दिवसभर सूर्य दक्षिणेकडून जातो आणि चुकूनही कोणाची नळी त्याच्यावर रोखली जात नाही. एका बांधकामावरील क्रेनच्या टोकाचे बोल्ट आणि विजेच्या खांबावरील चिनीमातीच्या चिमणीवर (इन्सुलेटरवर) चमकणारा उन्हाचा ठिपका, ही आमची लक्ष्ये होती. असा लांबचा ठिपका दिवसा कृत्रिम ताऱ्याचे काम करतो.

मात्र मेळ्याची सर्वांत मोठी उणीवही येथेच होती. सकाळी अकरानंतर पत्र्यांवरून आणि सिमेंटच्या छपरांवरून गरम हवा उठू लागली आणि क्रेनचे बोल्ट पाण्याखाली असल्यासारखे हलू लागले. त्यानंतर आलेल्या खरेदीदारांना १०० पटींवर दुर्बिणीची पारख करणे शक्यच नव्हते. मेळा दहा ते चार या वेळेत न ठेवता दुपारी तीन ते रात्री नऊ असा ठेवला असता, तर शेवटचे दोन तास खऱ्या ताऱ्यांवर परीक्षा घेता आली असती. शाळेचे सभागृह रात्री मिळणे अवघड असते, हे मी जाणतो, तरीही पुढच्या वेळी मंडळाने या एका गोष्टीसाठी आग्रह धरावा. मोटरवर चालणाऱ्या माउंटसाठी १२ व्होल्टचा एकच पुरवठा उपलब्ध होता आणि त्यापुढे लांब रांग होती. मोठी दुर्बीण घेणाऱ्यांना घरपोच वाहतुकीची काही सोय नव्हती. रविवार असल्यामुळे मी नळी लोकलच्या सामानाच्या डब्यातून बोरिवलीला नेऊ शकलो, पण पाया दुसऱ्या फेरीत, मुलाला सोबत घेऊन आणावा लागला. परदेशातून आणलेल्या काही कॅमेऱ्यांच्या किमती मला अवाजवी वाटल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते टेबलावरच होते.

त्या रात्री गच्चीवर नळी तासभर उघड्या हवेत थंड होऊ दिली आणि मग ती पुनर्वसूतील कॅस्टरवर रोखली. १२० पटींवर त्याचे दोन घटक, सुमारे पाच-सहा विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतरावर, स्वच्छ वेगळे दिसले. मृगातील तेजोमेघाच्या मध्यभागी असलेल्या चार तारकाही मुंबईच्या त्या राखाडी आकाशात एकेक करून मोजता आल्या. पण तारा मुद्दाम थोडा नाभीबाहेर नेऊन, म्हणजे अस्पष्ट करून, त्याभोवती दिसणारी वर्तुळे तपासली, तेव्हा नाभीच्या एका बाजूला ती रेखीव होती आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत बाहेरचे वर्तुळ धूसर, पसरलेले होते. पत्रकात न लिहिलेला दोष सापडला असे वाटून मी थोडा खट्टू झालो आणि सोबत आलेली वही प्रथमच नीट उघडली.

चौथ्या पानावर आरशाच्या मोजमापांखाली लिहिले होते की पॉलिश करताना कड किंचित उतरली आहे, ती दुरुस्त झाली नाही, म्हणून आरशावर तीन मिलिमीटर रुंदीचे काळे कडे ठेवावे. शेवटचा लेप चढवून आणल्यावर ते कडे पुन्हा बसवायचे राहून गेले असावे. आयपीसच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे एक गोल कडे होते, जे मी दिवसा निरुपयोगी समजून फेकून देणार होतो. ते आरशाच्या कडेवर बसवले, नळी पुन्हा कॅस्टरवर आणली आणि वर्तुळे दोन्ही बाजूंना सारखी झाली. सोमवारी सकाळी मी मंडळाला फोन करून सात दिवस न थांबता काकांचे पैसे त्यांना देऊन टाकण्यास सांगितले.